दुसरी खुंटी

शशी,

परवा तुझ्या मेघाचा फोन आला होता. विचारत होती, "काका, बाबांचा टॅब बंद करून कपाटात ठेवू का? की त्या खेळातलं तुम्हाला काही काढून घ्यायचंय?" मी म्हटलं, राहू दे, चालू ठेव, अधूनमधून चार्जिंगला लावत जा. का, ते तिला सांगता आलं नाही. तिच्या लेखी तो खेळ म्हणजे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचा वेळ जावा म्हणून तिने दिलेला विरंगुळा. आपल्याला तो कशाला लागत होता हे तिला सांगायचं, तर आधी तुझ्याशी राहिलेलं बोलणं पुरं करायला हवं. ते आपण दोघांनी टाळलं. तू का टाळलंस ते मला गेल्या रविवारी कळलं. मी का टाळलं ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

हे मी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकणार आहे. त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी पुन्हा लिहाव्या लागतील. "विषय कळला, पुढे बोल," म्हणायची तुला सवय. या वेळी ऐकून घे.

मुलुंड पूर्वेला आपल्या बिल्डिंगच्या गेटपाशी सिमेंटचा कट्टा होता, बदामाच्या झाडाखाली, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. तू तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर. तू टेलिफोनच्या लायनी जोडण्यात नोकरी घालवलीस, मी एका कंत्राटदाराच्या ऑफिसात इस्टिमेट काढण्यात. संध्याकाळी दोघं कट्ट्यावर. सुनंदावहिनी खिडकीच्या गजांतून चहाचे कप बाहेर द्यायच्या आणि रिकामे कप तिथूनच आत घ्यायच्या. तू मला नावाने कधी हाक मारली नाहीस. "काय इस्टिमेट, आज काय भाव?" हीच हाक. मेथीची जुडी घ्यायची तरी हा माणूस आधी चार ठिकाणी विचारतो, अशी माझी ख्याती तू सगळ्या बिल्डिंगभर केली होतीस. ती खोटी नव्हती.

ती बिल्डिंग आता नाही. पत्र्यांच्या आड खड्डा आहे, खड्ड्यात पाणी आहे, आणि गेली चार वर्षं आपण सगळे भाड्याच्या नाहीतर मुलांच्या घरात आहोत. सभासदांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे: शशी तावड्यांनी पुनर्विकासाची सही अडवून ठेवली, सात-आठ महिने फुकट गेले, तेवढ्यात बाजार बसला आणि बिल्डर बुडाला. तुझ्या तेराव्यालाही ती बोलली गेली. पंगतीत माझ्या शेजारी सावंत होते. म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण आडमुठा. सही वेळेवर केली असती तर आज स्वतःच्या घरातून गेला असता." मी पानातला लाडू मोडत बसलो. मान वर केली नाही.

ती गोष्ट खोटी आहे. आणि ती खोटी आहे हे माहीत असलेला मी आता एकटाच उरलो, असं मला त्या पंगतीत वाटलं. तेही चूक निघालं, पण ते पुढे येईल.

तो बिल्डर सोसायटीत मी आणला होता. सेक्रेटरी मीच. माणूस गोड बोलायचा. जागा वाढवून देतो, बांधकाम होईपर्यंत भाडं देतो, वर प्रत्येकाला रोख रक्कम देतो. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मग एक दिवस मी सवयीने त्याचा हिशेब मांडला. त्या जागेवर किती बांधता येईल, त्यातलं किती विकता येईल, आपल्याला काय द्यायचंय, सिमेंट-लोखंडाला काय लागेल. आकडे जुळेनात. ज्याने आयुष्यभर हेच केलं त्याला ते जुळत नाहीत हे दिसायला वेळ लागत नाही. बँक गॅरंटी हातात असती, म्हणजे तो बुडाला तर बँक आपल्याला पैसे भरून देईल अशी हमी असती, तर काळजी नव्हती. ती द्यायला तो टाळाटाळ करत होता. मी सभेत उभं राहून सांगायला हवं होतं की मी आणलेला माणूस कच्चा आहे, थांबा. ते मला जमेना. पाठीवर पडलेली थाप अजून गरम होती.

मग मी कट्ट्यावर तुला म्हटलं, "शशी, गॅरंटी येईपर्यंत तू सही करू नकोस. त्याला शंभर टक्के सह्या हव्यात. तू अडलास की त्याला द्यावीच लागेल. मला सेक्रेटरी म्हणून अडता येत नाही."

तू चहा संपवलास. "म्हणजे शिव्या मी खायच्या?"

"थोडे दिवस."

"बरं," म्हणालास, आणि कप गजांतून आत सरकवलास.

थोडे दिवस लांबले. पुढे काय झालं ते सभासदांना आठवत असेल, कारण ते सगळ्यांनी मिळून केलं. तुझ्या स्कूटरच्या चाकांतली हवा जायला लागली. जिन्यात तुला बघून लोक मोबाइल काढायचे. संक्रांतीला वहिनींना एकाही घरातून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. माझ्या मंगलने मला विचारलं होतं, सुनंदाला बोलवू ना? मी म्हटलं, या वर्षी राहू दे, लोक बोलतील. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही नसेल. नटूनथटून वर जाणाऱ्या बायका तळमजल्यावरून दिसतातच.

मग ती सभा. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, सेक्रेटरी आणि तावडे रोज कट्ट्यावर बसून कसली खलबतं करतात? दोघं मिळालेले तर नाहीत ना? मी उभा राहिलो आणि म्हणालो, "श्री. तावडे यांनी स्वतःच्या हट्टापायी सोसायटीला वेठीस धरू नये."

श्री. तावडे. इतक्या वर्षांच्या दोस्तीत मी तुला आडनावाने संबोधलं ते तेवढंच. तू माझ्याकडे बघितलंस. राग नव्हता त्यात. लाइन नेमकी कुठे तुटली ते शोधताना तू तारेकडे बघायचास, तसं बघितलंस. मग पुढे आलास, सही केलीस, पेनाला टोपण लावलंस आणि ते माझ्या हातात दिलंस. पेन माझंच होतं.

गॅरंटी आली नाही. आपण जागा रिकामी केली. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.

मी अंधेरीला मुलाकडे आलो, तू भांडुपला भाड्याने गेलास. बिल्डरचं भाडं बंद झालं तेव्हा तू आणखी लहान जागेत गेलास, टेकडीच्या बाजूला, पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही अशा इमारतीत. हे मला इतरांकडून कळायचं. मी तुला फोन केला नाही. रोज करावासा वाटायचा आणि रोज वाटायचं की पहिलं वाक्य काय बोलायचं. मग एक दिवस तुझाच फोन आला. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही.

"इस्टिमेट, घर बांधायचंय. येतोस का?"

मला वाटलं, गुडघ्याबरोबर याचं डोकंही गेलं. म्हटलं, कुठे? तर म्हणालास, मुलाकडे टॅब आहे ना, तो घे, फोन स्पीकरवर टाक, सांगतो.

असा तो खेळ आपल्या आयुष्यात आला. एक मोठं खोरं. नदी, जंगल, खाणी, बाजार, आणि उत्तरेला डोंगरात एक ड्रॅगन. बाकीचे खेळाडू त्याला मारायला तलवारी घासत फिरायचे. आपण त्या दिशेला कधी तोंडही केलं नाही. तू म्हणालास, आपल्याला दोघांनाही शुगर आहे, ड्रॅगन कशाला अंगावर घ्यायचा. तू दाढीवाला बुटका झालास, खांद्यावर कुऱ्हाड. मी सुरुवातीला चष्मा न लावता भराभर बटणं दाबली आणि सुपासारखे कान आणि कमरेपर्यंत केस असलेली बाई झालो. रूप बदलायला मोहरा पडत होत्या म्हणून तसाच राहिलो. तू लोळायचा बाकी होतास. त्या दिवसापासून खेळात माझं नाव मॅडम. "मॅडम, ओंडका उचला." "मॅडम, केस आवरा, फांदीत अडकतील."

सकाळी अकराची वेळ ठरली. तोवर माझ्याकडे मुलगा-सून कामावर गेलेली असायची आणि तुझ्याकडे वहिनींची पूजा आटोपलेली असायची. कट्ट्यावर संध्याकाळी बसायचो, इथे सकाळी. तेवढाच फरक, असं आपण दोघांनीही मानून घेतलं.

दोन मालकांनी मिळून घेतला तर प्लॉट स्वस्त पडत होता. अट एकच: पाया घ्यायच्या आधी दोन्ही मालकांनी जागेवर जाऊन आपापल्या कोपऱ्यात खुंटी ठोकायची. मी नकाशावरून नदीकाठचा एक तुकडा निवडला. बाजारापासून लांब, म्हणून भाव कमी. तू म्हणालास, चल, बघून येऊ आणि खुंट्या ठोकून टाकू. मी म्हटलं, सामान पूर्ण जमल्याशिवाय खुंटी नाही. आधी इस्टिमेट.

आणि मी इस्टिमेट काढलं, शशी. सहा खोल्या, पडवी, मागे विहीर. दगड किती, सागवान किती, चुना, खिळे, काच. तुटफूट धरून वर थोडं, अनपेक्षित खर्चासाठी आणखी थोडं. लोखंडाच्या खाणीत लांडगे होते, त्यामुळे खिळे बनवण्यापेक्षा विकत घेणं परवडेल असं मी सिद्ध केलं. शनिवार-रविवारी पोरं खेळायला येतात तेव्हा बाजारात भाव चढतात, म्हणून खरेदी मंगळवारी. मोहरा कुठून आणायच्या? तू नदीत गळ टाकलास. मालवणकडचा माणूस, तुला दुसरं काय सुचणार. मासे विकून तू पैसे आणायचास आणि मी त्यांचा दगड घ्यायचो. "पाच तऱ्हेचे मासे ठेवलेत आणि एक कर्ली नाही," तू कुरकुरायचास, "कुणी बनवलाय हा खेळ, घाटावरचा दिसतोय."

छपरावरून आपलं कधी जमलं नाही. तुला कौलं हवी होती. मी म्हणायचो सपाट छत, खर्च निम्मा, वर काहीतरी सुकवताही येतं. तू विचारायचास, काय सुकवणार आहेत मॅडम, केस? मग मी आकडे सांगायचो, तू गळ टाकून गप्प बसायचास. वाद तसाच राहायचा, दुसऱ्या दिवशीसाठी.

तू मला पुन्हा पुन्हा म्हणायचास, एकदा जागा बघून घे. मी म्हणायचो, जागा कुठे पळतेय. मी नोकरीतही कधी साइटवर गेलो नाही. ड्रॉइंग माझ्या टेबलावर यायचं, आकडा टेबलावरून जायचा. माझा आकडा सहसा चुकत नसे, आणि मला वाटायचं तेवढं पुरे. खेळातही मी जंगलात असायचो, बाजारात असायचो, कोठारात असायचो. प्लॉटवर पाऊल टाकलं नाही. तू मात्र रोज निरोप घेताना सांगायचास, मी जरा जागेवर चक्कर मारून येतो. मला वाटायचं, गुडघा धडधाकट असल्याचं सुख घेतोय बिचारा.

एकदा मी धीर केला होता. आपण जंगलात लाकूड तोडत होतो. तुझ्याकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता, मागे वहिनींच्या कुकरची शिट्टी. मी म्हटलं, "शशी, त्या सभेचं मला तुझ्याशी—"

"मॅडम, मागे लांडगा आहे," तू म्हणालास.

मी वळून बघितलं. खरंच होता. आपण पळालो, तू हसत होतास, आणि पळून झाल्यावर तो विषय परत काढायला मला जमलं नाही. लांडगा नसता तर तू काय म्हणाला असतास, हे मी किती वेळा मनात घोळवलं असेल. आणि दर वेळी मनातल्या मनात लांडग्याचे आभारही मानले आहेत. हेही लिहून टाकतो.

आपलं शेवटचं बोलणं सागवानावरून झालं. कोठारात ओंडके कमी भरत होते. कौलंही कमी होती. ती मी नको म्हणत असताना तू आणून ठेवली होतीस. मी विचारलं, तू म्हणालास, वाळवी लागली असेल. मी म्हटलं, खेळात वाळवी नसते. मग तुझं मोजमाप चुकलं असेल, म्हणालास. मला ते लागलं. मी म्हटलं, "माझं मोजमाप चुकत नाही. तू लाकूड विकतोयस का परस्पर?"

तू नदीत गळ टाकलास. मग म्हणालास, "विकत नाहीये. पण मॅडम, पुढच्या वेळी माझ्याकडून बँक गॅरंटी घेऊन ठेवा."

त्या सभेनंतर ते शब्द तू पहिल्यांदा उच्चारलेस. हसून म्हणालास की नाही, ते फोनवर कळलं नाही. मी "बरं बरं" करून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी रागाने खेळायला आलो नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मेघाचा फोन आला. तू आंघोळीला निघाला होतास आणि पाटावर टेकलास तो उठलाच नाहीस.

तेराव्यानंतर मी नुसता बसून असायचो. मंगलच म्हणाली, तो खेळ तरी उघडा, भिंतीकडे किती वेळ बघणार. उघडला. एका अनोळखी खेळाडूचा निरोप येऊन पडला होता, हिंदीत. "दादा नहीं आ रहे क्या? शेड का दिया बुझ गया है।" मी विचारलं, कुठली शेड? त्याने उत्तर दिलं नाही, थोड्या वेळाने स्वतःच आला. चिलखत घातलेला धिप्पाड गडी. पुढे चालायला लागला. नदीच्या कडेने आम्ही बरंच चाललो आणि नकाशात बघितलं तर आपला प्लॉट.

प्लॉटच्या रस्त्याकडच्या बाजूला एक शेड होती, बिनपायाची, म्हणून खुंट्यांवाचून उभी राहिलेली. सागवानाचे खांब, वर उतरती कौलं, आत एक लांब बाक, मधोमध दिव्याचा खांब. त्या खोऱ्यात नवीन येणाऱ्याच्या हातात काही नसतं. लांडगे त्याला वाटेतच लोळवतात, आणि दिवा लागलेल्या छपराखाली बसलं तरच अंगात पुन्हा ताकद येते. असं छप्पर बाजाराशिवाय कुठे नव्हतं. आता इथे होतं. दोघं-तिघं अंधारात दिवा लागायची वाट बघत बसले होते. वर पाटी, तुझ्या मराठीत:

"ट्रान्झिट कॅम्प. भाडं नाही. किती दिवस राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

चिलखतवाल्याने विचारलं, ट्रान्झिट कॅम्प म्हणजे काय? आपली जुनी घरं पाडली की नवीन होईपर्यंत जिथे ठेवतात ती जागा, असं लिहायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. नवीन होईपर्यंत, हे मला टाइप करवेना.

लाकूड मिळालं, शशी. मोजमाप बरोबर होतं माझं. तेवढं एक बरोबर होतं.

शेडच्या मागे आपली जागा. मोकळी, उतार नदीकडे. नकाशात दिसतो त्याहून पुष्कळ देखणा तुकडा आहे. डाव्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं दिसलं म्हणून गेलो. त्या खेळात हात न लागलेल्या वस्तूवर वेल चढतो, तुला माहीत आहेच. वेलाखाली खुंटी होती. जवळ गेलं की मालकाचं नाव उमटतं. तुझं होतं. वेल एवढा दाट की ती प्लॉट घेतल्या घेतल्या ठोकलेली असणार. उजवा कोपरा, माझा, रिकामा.

म्हणजे तू पहिल्यापासून तयार होतास आणि रोज तिथे जाऊन बघत होतास की मी आलोय का. मला एका शब्दाने बोलला नाहीस. बाहेर लोक म्हणतात, तावड्यांनी अडवलं. आत खोऱ्यातसुद्धा अडवणारा मीच.

माझी खुंटी त्याच वेळी ठोकता आली असती. नाही ठोकली. आधी मुलुंडचं पुरं करायला हवं होतं.

गेल्या रविवारी सभासदांची सभा होती, आपल्या जुन्या गल्लीतल्या शाळेच्या हॉलमध्ये. जुना बिल्डर काढून नवीन नेमण्याचा विषय. वहिनी आल्या होत्या. आता सभासद त्या आहेत. शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, आणि त्यांच्या आजूबाजूच्या दोन-तीन खुर्च्या अजूनही रिकाम्या राहतात, हे मी बघितलं. सध्याच्या सेक्रेटरी नीता पाटकर विषय वाचत होत्या. मी हात वर केला आणि उभा राहिलो. काय आणि कसं बोललो ते वर लिहिलंच आहे, त्याच क्रमाने सांगितलं: मला आकडे जुळत नव्हते, मी सांगितलं म्हणून तो अडला, आणि तुमच्यासमोर मीच त्याला तोंडघशी पाडलं.

मग सावंत म्हणाले, "काका, हे तेव्हाच का नाही बोललात?"

"घाबरलो होतो."

"घाबरलात," ते म्हणाले. "त्याच्या दारावरून आम्ही तोंड फिरवून जायचो. त्याचं आता काय करायचं आम्ही?"

नीता पाटकरांनी विचारलं, इतिवृत्तात घ्यायचं का? मी म्हटलं, माझ्या नावासकट घ्या. आणि नवीन माणसाकडून गॅरंटी हातात आल्याशिवाय एकही सही होऊ देऊ नका, हे शशीचं म्हणणं म्हणून घ्या.

सभा संपल्यावर वहिनी शाळेच्या फाटकाशी थांबल्या होत्या. मी समोर गेलो. त्याच म्हणाल्या, "भावोजी, मला माहीत होतं."

"कसं?" मी विचारलं.

"तुम्ही कट्ट्यावर बोलायचात, माझी खिडकी काय लांब होती? कप घ्यायला उभी होते मी. त्या सभेनंतर यांना किती वेळा म्हटलं, सांगा ना लोकांना खरं काय ते. तर म्हणायचे, 'मिया सांगूचंय नाय. तोच सांगतलो. तेका जरा येळ लागता.'" मग पदर सावरून म्हणाल्या, "हे वाट बघत गेले. मी नव्हते बघत. मी तुम्हाला माफ केलं नव्हतं, आणि आजही अजून ठरवलेलं नाही. स्कूटरबिटर चालायचंच. पण मंगलने हळदीकुंकवाला बोलावलं नाही, ते मला फार लागलं होतं."

मी त्यांना सांगितलं की तिने विचारलं होतं, मीच नको म्हटलं. त्यांनी मान हलवली. "म्हणजे तेही तुमचंच," म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या. मंगल त्यांच्याकडे जाऊन आली आहे. काय बोलणं झालं ते मला सांगत नाही. बरोबरच आहे.

तोच सांगेल. शशी, हे वाक्य मी कुठे ठेवू? तू माझं इस्टिमेट इतक्या वरचं काढलंस, आणि ते खरं ठरायला तुला जावं लागलं. तू असताना मी बोललो असतो, तर तू फार काही म्हणालाही नसतास. "विषय कळला, पुढे बोल." एवढंच. ते ऐकण्यासाठी मी आता काहीही देईन, आणि द्यायची वेळ होती तेव्हा माझ्याच्याने एक वाक्य निघालं नाही.

आज सकाळी अकराला खेळ उघडला. आधी दिव्यात तेल घातलं. रोज घालावं लागतं, हे तू सांगितलं नव्हतंस. मग उजव्या कोपऱ्यात गेलो आणि माझी खुंटी ठोकली. दोन्ही खुंट्यांमधून पायाच्या रेषा आपोआप उमटल्या. सामान अपुरं आहे. सागवान शेडला गेलं, काच नाही, खिळे निम्मे. हिशेबाप्रमाणे अशा परिस्थितीत काम सुरू करू नये. मी पहिला दगड ठेवला. कौलंच घालणार आहे. तो वाद तू जिंकलास. तुझ्या खुंटीवरचा वेल मी काढलेला नाही.

शेडमधून एक नवा खेळाडू उठून बघायला आला, हातात साधी काठीसुद्धा नसलेला. त्याने विचारलं, मॅडम, यहाँ क्या बन रहा है?

मी लिहिलं, दादांचं घर आहे. उशीर त्यांच्यामुळे झाला नाही. माझ्यामुळे झाला.